दहा दिवसांचा ब्रिज कोर्स आणि ‘फ्रॉम रेस्ट’चा अर्थ

मागच्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीनं आपल्या आराखड्याचा कच्चा खर्डा व्हॉट्सॲपवर पाठवला. ती एम.एस्सी., बी.एड. आहे आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायचं म्हणते. शीर्षक असं होतं: ‘अकरावी विज्ञान शाखेतील मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी भाषा कार्यक्रमाची निर्मिती व परिणामकारकतेचा अभ्यास: विशेष संदर्भ पालम तालुका’.

असं शीर्षक तुम्ही आधीही पाहिलं असेल. आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयात शिक्षणशास्त्राच्या कपाटासमोर उभं राहा, ‘निर्मिती व परिणामकारकता’ हे शब्द पुठ्ठ्यापुठ्ठ्यावर दिसतील. त्यात वाईट काही नाही. विषय तर मला मनापासून पटला, कारण मी स्वतः पालमला दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीला विज्ञान घेतलेला मुलगा आहे. अडचण खर्ड्याच्या दुसऱ्या पानावर होती. कार्यक्रम दहा दिवसांचा, रोज दोन तास. पहिला दिवस टेन्स, दुसरा आर्टिकल्स, तिसरा प्रीपोझिशन्स, मग व्हॉइस, मग शंभर कठीण शब्द, शेवटी संभाषण. आधी पूर्वचाचणी, नंतर उत्तरचाचणी, मग टी मूल्य.

मी तिला एकच प्रश्न विचारला. अकराव्या दिवशी सकाळी तो मुलगा भौतिकशास्त्राच्या तासाला बसेल, तेव्हा त्याला असं काय जमेल जे आज जमत नाही?

तिचं उत्तर आलं, ‘इंग्रजी सुधारलेलं असेल ना.’

आजचा लेख या उत्तराबद्दल आहे. दुसरी भाषा शिकवण्याचा कोर्स कसा आखतात, यावर जगभर बरंच काम झालंय आणि त्यातलं काही आपल्या देशात झालंय. पेटच्या दृष्टीनं त्यातली नावं उपयोगी आहेतच. पण मला त्यातून एक साधी गोष्ट दाखवायची आहे: कोर्स म्हणजे तीन विधानांची साखळी असते. या मुलांना अमुक करावं लागतं, हे पहिलं विधान. त्यातलं तमुक त्यांना येत नाही, हे दुसरं. आणि या क्रमानं इतके तास शिकवलं तर ते येईल, हे तिसरं. तिन्ही विधानं चुकू शकतात. म्हणूनच त्यांच्यावर संशोधन करता येतं. खर्ड्यात पहिली दोन विधानं गृहीत धरलेली होती आणि सगळी आकडेमोड तिसऱ्यावर.

आता पहिल्या विधानाकडे येऊ.

टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स यांचं १९८७ चं विशिष्ट हेतूसाठीच्या इंग्रजीवरचं पुस्तक या क्षेत्रात सतत उल्लेखलं जातं. त्यांनी गरजेचे तीन भाग केले: प्रत्यक्ष परिस्थितीत काय लागतं, शिकणाऱ्याकडे काय कमी आहे, आणि त्याला स्वतःला काय हवं आहे. त्याआधी १९७८ मध्ये जॉन मनबी यांनी गरजा नोंदवायची एक मोठी चौकट मांडली होती. ती इतकी तपशीलवार आहे की भरता भरता कोर्सची वेळ निघून जावी. पण तिच्यामुळे एक सवय लागली, की आधी माणूस त्या भाषेत काय करणार आहे ते लिहायचं आणि मग व्याकरणाकडे जायचं.

अकरावी विज्ञानाचा मुलगा इंग्रजीत काय करतो? तासाला सर फळ्यावर इंग्रजीत लिहितात आणि समजावतात निम्मं मराठीत. म्हणजे ऐकण्याचा भार आपल्याला वाटतो तितका नसतो. बोलावं तर जवळजवळ लागतच नाही, वर्षातून एकदा प्रॅक्टिकलच्या व्हायव्हाला चार वाक्यं. खरा भार वाचण्याचा आहे. घरी एकट्यानं पुस्तकातला परिच्छेद वाचणं, गणिताचा प्रश्न वाचून दिलेलं काय आणि काढायचं काय हे ओळखणं, जर्नलमध्ये प्रयोगाची कृती लिहिणं. आता खर्ड्यातला शेवटचा दिवस आठवा: संभाषण. तो का आला? कारण मुलांना आणि पालकांना ‘फाडफाड इंग्रजी’ हवं असतं. हचिन्सन-वॉटर्सच्या भाषेत ती इच्छा झाली. ती टाकून द्यावी असं नाही, मुलं त्या ओढीनंच येतात. पण लागतं काय आणि हवं काय हे एका रकान्यात लिहिलं की कोर्स बिघडलाच.

इथं जिम कमिन्स यांचा भेद उपयोगी पडतो. १९७९ मध्ये त्यांनी रोजच्या संवादाची भाषा आणि शाळेतल्या अभ्यासाची भाषा वेगळी काढली. पुढच्या त्यांच्या कामातून असं दिसलं, की कॅनडात आलेल्या स्थलांतरित मुलांना बोलण्यात सहजता यायला साधारण दोन वर्षं लागत, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात. आणि ही मुलं इंग्रजीनं वेढलेली होती. आपल्याकडे मोंढ्यात, एसटीत, घरात, कुठंच इंग्रजी नाही. तेव्हा ‘बोलायला लागला की वाचताही येईल’ हे गृहीतक किती कच्चं आहे ते बघा.

आता दुसरं विधान, म्हणजे नेमकं काय येत नाही. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते सगळा खजिना इथं आहे आणि इथंच कोणी खणत नाही.

सर्वसाधारण समजूत अशी, की मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी संज्ञा येत नाहीत. त्वरण माहीत असतं, ॲक्सेलरेशन माहीत नसतं. पण दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी शब्द दिलेला असतो. मुलं तो पाठही करतात. जडत्व म्हणजे इनर्शिया, संवेग म्हणजे मोमेंटम, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन: ही जोडी लावायला हुशार मुलाला दोन आठवडे पुरतात. शिवाय संज्ञा वर्गात पुन्हा पुन्हा येते, सर तिची व्याख्या सांगतात, ती ठळक अक्षरात छापलेली असते. तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

माझी दांडी उडाली ती दुसऱ्याच शब्दावर. अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टमधलं गणित सुरू होत होतं ‘अ बॉडी स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ असं. बॉडी म्हणजे शरीर, रेस्ट म्हणजे विश्रांती, स्टार्ट म्हणजे सुरू होणे. तिन्ही शब्द मला येत होते, चौथीपासून येत होते. पण त्या तीन शब्दांत सुरुवातीचा वेग शून्य आहे ही माहिती दडलेली आहे, हे मला कळलं नाही. मी सुरुवातीचा वेग दिलेलाच नाही असं समजून गणित सोडून दिलं. मराठीत ‘वस्तू विराम अवस्थेतून निघते’ असं असतं तर ते मी तोंडी सोडवलं असतं. भौतिकशास्त्र येत होतं, इंग्रजी शब्दही येत होते, मधला पूल नव्हता.

असे शब्द गोळा करत गेलो तर मोठी यादी होते. वर्क, पॉवर, फील्ड, चार्ज, सेल, टेबल, सोल्यूशन. सोल्यूशन म्हणजे रसायनशास्त्रात द्रावण आणि गणितात उकल. हे शब्द कठीण शब्दांच्या यादीत कधीच येत नाहीत, कारण ते सोपे असतात! खर्ड्यातल्या शंभर शब्दांत यातला एकही नव्हता.

त्याहून खोल अडचण वाक्याची आहे. ‘रेट ऑफ चेंज ऑफ मोमेंटम’ घ्या. मराठीत आपण म्हणतो ‘संवेग परिवर्तनाचा दर’. क्रम बघा, बरोबर उलटा. मराठीत मुख्य शब्द, दर, शेवटी येतो आणि बाकीचं त्याच्या आधी रचलं जातं. इंग्रजीत मुख्य शब्द आधी आणि मागे डब्यांसारखे ‘ऑफ’ लागत जातात. मराठी वाचणाऱ्याचं डोकं शेवटच्या शब्दाकडे मुख्य म्हणून बघतं, म्हणून अख्खा वाक्प्रयोग वाचून त्याच्या मनात मोमेंटम उरतो, रेट निसटतो.

संबंधी वाक्यांचंही तसंच. मराठीत ‘ज्या वस्तूवर बल लावलं आहे ती वस्तू’. ‘ज्या’ आला की आपण ‘ती’ची वाट बघतो, जोडी पूर्ण झाली की अर्थ लागतो. इंग्रजीत ‘द बॉडी ऑन व्हिच द फोर्स इज अप्लाइड’. इथं वस्तू आधी येऊन गेली, मग ‘ऑन व्हिच’ आलं, आणि जोडीचा दुसरा शब्द कधी येतच नाही. माझ्या ओळखीची कितीतरी मुलं ‘व्हिच’ दिसला की तो प्रश्न समजतात, कारण व्हिच म्हणजे कोणता, हे पाचवीत शिकवलेलं असतं.

आणि मग ते छोटे जोडशब्द: प्रोव्हायडेड दॅट, विथ रिस्पेक्ट टू, हेन्स, व्हेअरॲज, अनलेस. यांच्यावर अख्ख्या विधानाचा अर्थ टांगलेला असतो. ‘अनलेस’ सुटला की जडत्वाचा नियम उलटा होतो.

हे मी अंदाजानं सांगतोय, माझ्या आणि सोबतच्या मुलांच्या अनुभवावरून. संशोधकाला ते मोजता यायला हवं, आणि मोजायला खर्च फारसा नाही. अकरावीच्या भौतिकशास्त्राची दोन प्रकरणं घ्या. प्रत्येक वाक्य वहीत उतरवा. किती वाक्यांत ‘ऑफ’ची दोनपेक्षा जास्त साखळी आहे, किती वाक्यांत ‘व्हिच’ जोडशब्द म्हणून आलाय, किती कर्मणी आहेत, हे मोजा. मग विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली क्लोझ चाचणी करा: उताऱ्यातला दर पाचवा किंवा सातवा शब्द गाळायचा आणि मुलांना भरायला लावायचं. कोणत्या जागा रिकाम्या राहतात ते बघा, संज्ञांच्या की जोडशब्दांच्या? एवढं काम नीट झालं, तरी आपल्या भागाबद्दल उपयोगाचं काहीतरी हाती येईल. आणि माझं वरचं म्हणणं चुकीचं ठरलं तर तेही कळेल.

तिसरं विधान म्हणजे तास आणि क्रम. तासांचा हिशोब तर करायलाच हवा, तो टाळला की सगळा कोर्स हवेत राहतो.

ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये उच्च शिक्षणातल्या लेखनाचा सुमारे ३५ लाख शब्दांचा साठा तपासून ५७० शब्दकुटुंबांची यादी काढली. शब्दकुटुंब म्हणजे व्हेरी, व्हेरिएबल, व्हेरिएशन असे एका मुळाचे शब्द मिळून एक. मायकेल वेस्ट यांच्या १९५३ च्या यादीतली २,००० सर्वसामान्य कुटुंबं त्या साठ्यातले ७६ टक्के शब्द व्यापतात, ही ५७० आणखी १० टक्के. विज्ञानात थोडं कमी, साधारण ९. बेरीज सुमारे ८६ टक्के. म्हणजे हे सगळं आलं तरी दर सात शब्दांमागे एक अनोळखी. आता हू आणि नेशन यांचा २००० मधलाच अभ्यास बघा: कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, पन्नासात एक अनोळखी. मधली दरी विषयाच्या संज्ञांनी भरायची असते. चुंग आणि नेशन यांनी २००३ मध्ये शरीररचनाशास्त्राचं पुस्तक तपासलं, तर त्यात साधारण दर तिसरा शब्द विषयाचा निघाला.

खर्ड्यातला कोर्स वीस तासांचा. म्हणजे १,२०० मिनिटं. ५७० कुटुंबं त्यात बसवायची तर दर दोन मिनिटांना एक, बाकी काहीही न करता. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेची प्रादेशिक भाषा केंद्रं आहेत. त्यातल्या पुण्याच्या केंद्रात दुसऱ्या राज्यातल्या शिक्षकांना मराठी, गुजराती, सिंधी शिकवतात. तो कोर्स दहा महिन्यांचा, पूर्णवेळ. शिकणारे प्रौढ, शिक्षक, आणि बहुतेकांची मातृभाषा भारतातलीच. त्यांना दहा महिने आणि आपल्या मुलांना दहा दिवस.

यावर एक नेहमीचा आक्षेप येतो: ‘पण मुलं पहिलीपासून इंग्रजी शिकतातच की.’ खरं आहे. महाराष्ट्रात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. माझी पिढी त्या निर्णयानंतरची. पण वर्षं वाढली म्हणजे तास किती वाढले, आणि त्या तासांत काय झालं, हे वेगळे प्रश्न आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस ठरवले. रोज ३५ मिनिटांची एक तासिका धरली तर वर्षाला १२८ तास होतात, तेही कागदावर. आणि दहा वर्षांच्या त्या इंग्रजीत धडे, कविता, पत्रलेखन असतं. ‘फ्रॉम रेस्ट’ त्यात कुठं भेटणार? ते कोणाचंच काम नव्हतं. इंग्रजीच्या बाईंना वाटायचं ते विज्ञानाचं, विज्ञानाच्या सरांना वाटायचं ते इंग्रजीचं.

तास कमी असले तर काय करायचं, हा प्रश्नही जुना आहे. मायकेल वेस्ट १९२० च्या दशकात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगालमधली बरीच मुलं शाळा मध्येच सोडत. वेस्ट यांनी १९२६ च्या अहवालात विम्यातली कल्पना उचलली: सरेंडर व्हॅल्यू. एलआयसीची पॉलिसी मध्येच मोडली तर हातात काय पडतं, तसं मुलानं कोर्स मध्येच सोडला तर त्याच्याकडे काय उरतं? त्यांचं उत्तर होतं वाचन. थोडं वाचायला शिकलेला माणूस पुढे स्वतःच्या जिवावर वाचू शकतो. अर्ध्या व्याकरणाचं मात्र काहीच करता येत नाही.

या कसोटीवर खर्डा ठेवून बघा. तिसऱ्या दिवसानंतर एखादा मुलगा येईनासा झाला, आणि आपल्याकडे सोयाबीन काढणीला किंवा कापूस वेचायला मुलं राहतातच, तर त्याच्याकडे टेन्स, आर्टिकल्स आणि प्रीपोझिशन्सचे नियम उरतील. त्यांची सरेंडर व्हॅल्यू शून्य! याउलट पहिल्याच दिवशी ‘गणिताच्या प्रश्नातलं दिलेलं कसं ओळखायचं’ एवढं घेतलं, फ्रॉम रेस्ट, युनिफॉर्म, निग्लेक्टिंग फ्रिक्शन, ब्रॉट टू रेस्ट असे पंचवीस-तीस वाक्प्रयोग घेऊन, तर तो मुलगा एका दिवसाचा मालक होऊन जातो.

आता शिकवायचं कसं? इथं एन. एस. प्रभू यांचं नाव घ्यायलाच हवं, आणि पेटला ते विचारलंही जाऊ शकतं. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या, मुख्यतः बंगळूर आणि मद्रासकडच्या, साध्या शाळांत एक प्रयोग केला. तो बंगळूर प्रकल्प म्हणून जगभर ओळखला जातो. व्याकरणाचा क्रम ठरवून शिकवायचं नाही. मुलांना वेळापत्रक, नकाशा अशा गोष्टींवर डोकं चालवायला लावणारं काम द्यायचं. गंगाखेडच्या स्टँडवरून अमक्या वेळी निघालं तर परभणीची गाडी मिळेल का, अशा धर्तीचं. लक्ष अर्थावर असताना भाषा आपोआप घडत जाते, हा त्यांचा दावा. १९८७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं.

आपल्या कामाला ही पद्धत जुळते, कारण विज्ञानात डोकं चालवायचं काम आयतंच असतं. प्रयोगाच्या कृतीच्या पायऱ्या उलटसुलट करून द्या आणि लावायला सांगा. प्रश्न द्या आणि सोडवू नका, फक्त आकृती काढा म्हणा. मराठी चालेल का? माझ्या मते चाललीच पाहिजे. वाक्य इंग्रजीत, त्यावरची चर्चा मराठीत. काही जणांना हे कच्चेपण वाटतं. मला वाटतं, नऊ-दहा वर्षं मराठीत जमवलेलं विज्ञान हेच या मुलांचं भांडवल आहे, ते दाराबाहेर ठेवून कोर्स सुरू करणं हा तोट्याचा धंदा.

दुसऱ्याच्या भाषेत विज्ञान शिकणं आपल्या भागाला नवं नाही, हे जाता जाता. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातली आजोबांची पिढी वरच्या वर्गात उर्दूतून शिकली. १९१८ मध्ये निघालेलं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं होतं आणि त्यासाठी भाषांतराचा खास विभाग काढून विज्ञानाच्या उर्दू संज्ञा घडवल्या गेल्या. मराठी घरातून उर्दू वर्गात गेलेल्या मुलांनी तो पूल कसा ओलांडला, यावर कुणी म्हाताऱ्या माणसांशी बोलून काम करावं असं मला फार वाटतं. ती माणसं आता थोडीच उरली आहेत.

पुन्हा प्रभूंकडे. त्यांचा प्रकल्प यशस्वी झाला का? १९८५ मध्ये ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी त्याचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं, आणि संशोधनाला बसणाऱ्यानं ते जरूर वाचावं, कारण त्यांच्यापुढे जी अडचण आली तीच आपल्या खर्ड्यापुढे आहे. चाचणी कोणती लावायची? रचनांवर आधारलेली चाचणी लावली तर रचना शिकलेले वर्ग पुढे जाणार, कृतींवर आधारलेली लावली तर प्रभूंचे. म्हणून त्यांनी दोन्ही लावल्या आणि मधल्या, कोणाच्याच बाजूच्या नसलेल्या चाचण्याही लावल्या. आपापल्या पद्धतीच्या चाचणीत तो तो गट सरस, असा साधारण कल दिसला. मधल्या चाचण्यांत प्रभूंच्या वर्गांचं पारडं बहुतेक ठिकाणी जड राहिलं. पण वर्ग चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, शिक्षक वेगवेगळे होते, त्यामुळे निष्कर्ष जपूनच काढावा लागतो.

आता आपला खर्डा. शंभर शब्द शिकवायचे आणि उत्तरचाचणीत तेच शंभर शब्द विचारायचे. टी मूल्य सार्थ येणारच. शून्य परिकल्पना नाकारली जाणारच. असा प्रबंध ‘कार्यक्रम परिणामकारक आहे’ म्हणतो तेव्हा तो एवढंच सांगत असतो, की शिकवलेलं मुलांना दोन दिवस आठवलं. व्हर्निअरची शून्य त्रुटी न काढता घेतलेल्या मापासारखं आहे हे. आकडा तीन दशांशांपर्यंत छान येतो.

आणखी दोन खड्डे आहेत. पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण पडलेली मुलं निवडून कोर्स दिला, तर काहीही न शिकवता त्यांचे गुण थोडे वाढतील. कारण त्या दिवशी काहींचं नशीब खराब होतं, कुणाचं पोट दुखत होतं. प्रयोगशाळेत शंभर वाचनांतली सर्वांत लहान दहा निवडून पुन्हा घ्या, सरासरी वर सरकेल. त्यासाठी तुलनेचा गट त्याच पद्धतीनं निवडलेला लागतो. आणि दुसरं: एका कॉलेजातले तीस प्रायोगिक गटात, दुसऱ्या कॉलेजातले तीस नियंत्रित गटात, आणि लिहायचं नमुना ६०. शिक्षक वेगळे, तासांची वेळ वेगळी, कॉलेजच वेगळं. फरक आला तर तो कोर्सचा की कॉलेजचा, कसं सांगणार? या मांडणीत खरं तर तुलना दोन गोष्टींची झाली. एकाच वर्गातल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करणं जास्त बरं.

नियंत्रित गटाला त्या दहा दिवसांत काय द्यायचं, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. बहुतेकदा काहीच देत नाहीत. काहीच न मिळालेल्यापेक्षा वीस तास मिळालेला पुढे गेला, यात नवल काय? त्यांना तेवढेच वीस तास भौतिकशास्त्र द्या, नेहमीच्या मराठी-इंग्रजी मिश्र पद्धतीनं. मग तुलना खरी होईल. कदाचित नुसतं भौतिकशास्त्रच जास्त उपयोगी ठरेल. ठरलं तर तोही निष्कर्षच आहे, आणि प्राचार्यांच्या जास्त कामाचा.

चाचणीबद्दल मी तिला दोन गोष्टी सुचवल्या. कोर्समध्ये न घेतलेल्या प्रकरणातला उतारा द्यायचा, म्हणजे पाठ केलेलं आणि वाचता येणारं वेगळं दिसेल. आणि तीच चाचणी सहा आठवड्यांनी पुन्हा. जोडीला मध्येच गळालेल्या मुलांची नोंद: कोण, कितव्या दिवशी, आणि त्यांनी चाचणी दिली तर किती. वेस्ट यांची सरेंडर व्हॅल्यू मोजायची ती तिथंच.

हे सगळं इंग्रजीपुरतंच आहे असं समजू नका. तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं लेकरू पहिलीत येतं तेव्हा त्याची दुसरी भाषा मराठी असते. त्याच्यासाठी मराठीचा कोर्स असा आखावा लागतो हेच आपल्या लक्षात येत नाही, कारण मराठी ‘येतेच’ असं आपण धरून चालतो. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हा अमराठी मुलांसाठीही हाच प्रश्न उभा राहिला. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागानं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर ‘माय मराठी’ हा कोर्स घडवला तो अमराठी लोकांसाठी. युरोपात परकीय भाषांसाठी वापरतात ती ए-वन, ए-टू पातळ्यांची चौकट त्यांनी मराठीला लावली. त्या चौकटीत प्रत्येक पातळीचं वर्णन ‘शिकणाऱ्याला काय करता येतं’ असंच केलेलं असतं. मराठी शिकवायला जर्मन शिकवणाऱ्यांचा अनुभव कामी आला याचं मला आधी हसू आलं होतं, मग पटलं. आपली भाषा बाहेरून कशी दिसते हे त्यांनाच माहीत.

मैत्रिणीचं नवीन शीर्षक आता असं आहे: ‘अकरावीच्या भौतिकशास्त्रातील प्रश्नांच्या इंग्रजी वाक्यरचना आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांत येणाऱ्या अडचणी: एक विश्लेषण व वीस तासांचा प्रायोगिक अभ्यासक्रम’. तिच्या होणाऱ्या गाइडना ते फार बारीक वाटलं, ‘निर्मिती व परिणामकारकता’ कुठं गेलं असंही त्यांनी विचारलं. समितीसमोर जायला अजून अवकाश आहे. तोवर तिनं गतीचं प्रकरण घेऊन वाक्यं वहीत उतरवायला सुरुवात केली आहे. परवा फोन आला, की पहिल्या चाळीस प्रश्नांत ‘रेस्ट’ अकरा वेळा आलाय, आणि एकदाही त्याचा अर्थ विश्रांती नाही.